चट्टाच नाही, मग कुष्ठरोग कसा?

मागच्या अंकात आरोग्याच्या पानावर कुष्ठरोगाची ओळखीची खूण दिली होती: कातडीवर फिकट किंवा तांबूस चट्टा, आणि त्या चट्ट्यावर स्पर्श न कळणं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता: 'आमच्याकडे असा चट्टा नाही, तरी डॉक्टर कुष्ठरोगाची तपासणी सांगतात. असं कसं?' डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर या रोगाचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं आणि 'निर्मूलन' हा शब्द वापरला गेला. घोळ त्या शब्दानं केला. रोग संपला असं लोकांनी धरलंच, काही डॉक्टरांनीही धरलं. प्रत्यक्षात भारतात अजून वर्षाला एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, आणि जे वेगळ्या वाटेनं येतात त्यांचं निदान रेंगाळतं. म्हणून या वेळी सगळी जागा याच पत्रांना दिली आहे. उत्तरं त्वचारोग आणि कुष्ठरोगाचं काम करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिली आहेत. पत्र पाठवणाऱ्यांची नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न (चाकण): माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे, सीएनसी मशीनवर काम करतो. चार-पाच महिने झाले, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे. हल्ली बारीक नट हातातून सुटतात. मानेचा एमआरआय ठीक आला. नसांच्या तपासणीत कोपराशी अल्नर नस कमजोर असल्याचं लिहिलंय. एक सर्जन नस मोकळी करायचं ऑपरेशन सांगतात. दुसऱ्या डॉक्टरांनी कोपर चाचपलं आणि म्हणाले, 'आधी कुष्ठरोग नाही ना ते बघा.' अंगावर एकही डाग नाही.

उत्तर: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी त्याच्या नसा नीट चाचपून घ्या. फक्त उजव्या हाताची नाही. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि मानेचीसुद्धा.

कुष्ठरोगाचा जंतू नसेच्या तंतूंभोवती आवरण घालणाऱ्या पेशींमध्ये मुक्काम करतो. कातडीवर चट्टा उमटला तर उमटला. काही रुग्णांत तो उमटतच नाही, रोग नुसता नसांमध्ये राहतो. डॉक्टर याला 'प्युअर न्यूरायटिक' म्हणतात आणि भारतात हा प्रकार तुलनेनं जास्त दिसतो. या जंतूला शरीराच्या आतली ऊब मानवत नाही, 30 ते 33 अंश सेल्सियस तापमानात तो सुखात असतो. म्हणून तो कातडीलगतच्या, गार जागेतल्या नसा धरतो: कोपरामागची अल्नर, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूनं पायात उतरणारी, घोट्याच्या आतल्या बाजूची, मनगटावर अंगठ्याकडे जाणारी, आणि मान वळवली की कानाखाली तिरकी दिसणारी.

अल्नर नस तपासताना कोपर काटकोनात वाकवून हात सैल सोडायला सांगतात. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या हाडामागच्या खोबणीत नस सापडते. ती बोटांच्या टोकांनी टोचायची नाही, बोटांच्या गादीनं हाडावर आडवी घोळवायची आणि तशीच दंडाकडे चार बोटं वर जायची. तपासणाऱ्याची नजर या वेळी रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी. नुसत्या घोळवण्यानं चेहरा आक्रसला तर नस सुजलेली आहे. मग दुसऱ्या हाताची नस लगेच त्याच पद्धतीनं बघायची, कारण 'जाड' हे दुसऱ्या बाजूशी तुलना केल्यावरच ठरतं.

दाबामुळे चेपलेली नस आणि कुष्ठरोगानं सुजलेली नस यांत फरक असतो. चेपलेली नस खोबणीपाशी, थोड्या लांबीत फुगते. कुष्ठरोगातली जाडी बहुतेक वेळा खोबणीच्या वर, दंडाकडे काही सेंटीमीटर पसरलेली असते. नसेची सोनोग्राफी हे छान दाखवते. मात्र चिठ्ठीवर 'दंडाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजू' असं लिहून घ्या. नाहीतर प्रोब खोबणीवर ठेवून काम उरकलं जातं आणि नेमकी जाड जागा राहून जाते. नसांची विद्युत तपासणीही एकाच हाताची झाली असेल तर पुन्हा चारही हातापायांची करा. त्रास हाताचा, पण पायातली एखादी नसही गुपचूप मंदावलेली निघाली, तर कोपरावरच्या दाबाची गोष्ट मागे पडते.

एवढं करूनही शंका राहिली तर नसेचा तुकडा तपासतात. तो अल्नरचा कधीच नाही. मनगटावरची किंवा घोट्याजवळची, फक्त स्पर्श वाहून नेणारी बारीक नस निवडतात, आणि तीही जिथं बधिरता आधीच आहे तिथली. त्या जागी कायमची बधिरता राहते, हे भावाला आधी सांगितलेलं असावं. नसा जाड होण्याची आनुवंशिक आणि इतर कारणंही आहेत. जाड नस म्हणजे कुष्ठरोगच, असं समीकरण नाही.

वेळेचा हिशेब मात्र कडक आहे. सहा महिन्यांच्या आतली कमजोरी स्टिरॉइडनं भरून येण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती घसरत जाते. मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोन साधारण 40 मिलिग्रॅमपासून सुरू करून सुमारे 20 आठवड्यांत उतरवतात, आणि सोबत कुष्ठरोगाची बहुविध औषधं म्हणजे एमडीटी चालू असते. नस मोकळी करायचं ऑपरेशन कुष्ठरोगातही लागतं, नसेत गळू झालं किंवा औषधानं दुखणं हटलं नाही तर. पण ते निदानानंतर. चार-पाच महिने गेलेच आहेत, त्यामुळे पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत महिना घालवू नका.

प्रश्न (सिंहगड रोड): आई 58 वर्षांची, बारा वर्षं मधुमेह. तव्याला बोट लागून फोड आला तरी तिला कळलं नाही. पायातली चप्पल रस्त्यात निसटते आणि दहा पावलं गेल्यावर लक्षात येतं. फॅमिली डॉक्टर म्हणतात, शुगरमुळे नसा गेल्या. पण तिची साखर गेली तीन वर्षं आटोक्यात आहे.

उत्तर: डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. खटकतो तो हात. मधुमेहातली बधिरता तळपायांपासून, दोन्हीकडे सारखी सुरू होते आणि मोज्यासारखी वर चढते. ती गुडघ्याच्या आसपास पोचल्यावर बोटांची टोकं जायला लागतात. आईच्या पायाची बधिरता घोट्यापर्यंतच असेल आणि हाताला चटका कळत नसेल, तर हा क्रम जुळत नाही. एक पाय जास्त, दुसरा कमी असं असेल तर तेही जुळत नाही.

डॉक्टरांकडे दोन गोष्टी करून घ्या. ट्यूनिंग फोर्क घोट्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का ते बघायचं, आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारून पाऊल उडतं का ते. मधुमेहात या दोन्ही गोष्टी लवकर मंदावतात. कुष्ठरोगात वेदना, गरम-गार आणि हलका स्पर्श गेलेला असतो, तरी थरथर आणि ते उडणं बराच काळ शाबूत राहतं. मग नसा चाचपायच्या. मधुमेहानं नस हाताला जाड लागत नाही.

आणि आईची पाठ, कंबर, नितंब बघा. तिला स्वतःला ते दिसत नाहीत. दिवसा, खिडकीपाशी, उजेड तिरका पडेल असं उभं करून. ट्यूबलाइटखाली फिकट चट्टा हमखास सुटतो. दोन्ही रोग एकाच माणसाला असू शकतात, हेही विसरू नका. तसं निघालं आणि स्टिरॉइडची वेळ आली तर साखर उसळणार, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच सामील करून घ्या.

प्रश्न (कोथरूड): सात वर्षांच्या मुलीच्या गालावर रुपयाएवढा पांढुरका डाग. सासूबाई म्हणतात जंत झालेत. मागच्या अंकातलं वाचून मी कापूस लावून पाहिला, तिला कळतं. निर्धास्त राहू ना?

उत्तर: या वयात गालावरचे असे डाग बहुधा कोरड्या त्वचेचे असतात, पिटिरायसिस अल्बा म्हणतात त्यांना. कडा पुसट, वर बारीक भुसा, उन्हाळ्यात जास्त उठून दिसतात. जंतांचा आणि यांचा संबंध नाही. जंताचं औषध द्यायचं असेल तर जंतांसाठी द्या.

पण 'कापूस कळला' यावर भिस्त ठेवू नका. चेहऱ्यावर नसांचं जाळं इतकं दाट असतं की कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरही स्पर्श शाबूत राहू शकतो. त्यात लहान मुलं मोठ्यांना खूश करायला 'हो, कळलं' म्हणतात. त्यापेक्षा घाम बघा. मुलगी खेळून घामाघूम होऊन आली की गालावर सगळीकडे बारीक थेंब दिसतील. डाग तेवढा कोरडा, धुरकट राहिला, तर ती खूण कापसापेक्षा भरवशाची. डागाची कड ठळक आहे का, त्यावरची लव विरळ झाली आहे का, तेही पाहा. दुधासारखा शुभ्र डाग असेल तर तो कोडाकडे झुकतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, खडूसारखा पांढरा नसतो. नखानं खरवडल्यावर कोंडा सुटला आणि मानेवर-पाठीवरही असे ठिपके असले तर शिबं असतील.

साधं मॉइश्चरायझर दोन महिने लावा आणि दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. डाग वाढला किंवा दुसरा उमटला तर त्वचारोगतज्ज्ञ. घरात किंवा शेजारात कुणाला कुष्ठरोग झाला असेल, अगदी दहा वर्षांपूर्वी, तर दोन महिने थांबू नका. या रोगाचा छुपा काळ सरासरी पाच वर्षांचा असतो आणि वीस वर्षांपर्यंतही लांबतो. स्टिरॉइडची मलमं मात्र नकोत.

प्रश्न (पिंपरी): माझे पती 41 वर्षांचे. दीड वर्षापासून सांधे सुजतात, मधूनमधून ताप येतो, हातांवर आणि मांड्यांवर लाल, दुखऱ्या गाठी येतात. संधिवातासाठीची रक्ततपासणी, आरए फॅक्टर, पॉझिटिव्ह आली. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी आठ दिवसांत बरं वाटतं, डोस उतरवला की पुन्हा तेच. आता महागड्या इंजेक्शनांचं बोलणं चाललंय. नव्या डॉक्टरांनी कानाच्या पाळीची तपासणी सांगितली. सांध्यांचा आणि कानाचा काय संबंध?

उत्तर: संबंध आहे, आणि ती तपासणी इंजेक्शनाच्या आधी व्हायलाच हवी.

ज्यांच्या अंगात जंतू खूप असतात, त्यांच्यात शरीर मधूनच त्या जंतूंवर तुटून पडतं. याला दुसऱ्या प्रकारची रिअ‍ॅक्शन किंवा ईएनएल म्हणतात. ताप, सांधेदुखी, हातापायांवर सूज, आणि दुखऱ्या लाल गाठी. या गाठी लाटेनं येतात, काही दिवसांत बसतात, मागे काळसर डाग राहतो, तोवर दुसरी लाट. डोळे लाल होणं, वृषण सुजून दुखणं हेही त्यातच येतं. ही रिअ‍ॅक्शन उपचारादरम्यान येते तशी कधी निदानाच्याही आधी येते, आणि मग रुग्ण त्वचेच्या ओपीडीऐवजी संधिवाताच्या ओपीडीत पोचतो. तिथं रक्ताचे रिपोर्टही दिशाभूल करतात. कुष्ठरोगात आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो, ल्युपससारख्या आजारांसाठीची एएनए तपासणी येऊ शकते, गरमीसाठीची व्हीडीआरएलसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

'स्टिरॉइडनं बरं वाटलं' यावरून काहीच सिद्ध होत नाही; संधिवातही त्यानं दबतो आणि ईएनएलही. फरक असा, की एमडीटीशिवाय नुसतं स्टिरॉइड चालू राहिलं तर आतले जंतू निवांत वाढत राहतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या बायोलॉजिक इंजेक्शनांनंतर लपलेला कुष्ठरोग उघडा पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून घाई नको.

गाठी कुठं आहेत ते नीट सांगा. साध्या 'एरिथेमा नोडोसम'च्या गाठी बहुतेक नडगीवर असतात. दंड, चेहरा, मांड्यांचा पुढचा भाग इथं असल्या तर शंका बळावते. कानाच्या पाळीचा नमुना एका दिवसात उत्तर देऊ शकतो, कारण ईएनएल होणाऱ्या माणसाच्या पाळीत जंतू सहसा भरपूर असतात. निदान पक्कं झालं तर एमडीटीसोबत रिअ‍ॅक्शनचे उपचार वेगळे करावे लागतात. त्यात थॅलिडोमाइड हे एक औषध आहे, गर्भाला अत्यंत घातक, त्यामुळे पतीला दिलं तरी गर्भनिरोधनाबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला. स्टिरॉइड आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

प्रश्न (रविवार पेठ): वय 45, दुकान आहे. वर्षभरात चेहरा तुकतुकीत झालाय, गिऱ्हाइकं 'तब्येत सुधारली' म्हणतात. भुवया बाहेरच्या बाजूनं विरळ, नाक चोंदलेलं, दोनदा घोळणा फुटला. पाठीवर आणि कोपरांवर गुळगुळीत, न दुखणाऱ्या गाठी आहेत. एक काढून तपासली, रिपोर्टमध्ये साधी तंतूंची गाठ लिहिलीय. बधिरता कुठंच नाही.

उत्तर: दुकानात बसल्या बसल्या आरशात कानाच्या पाळ्या बघा. त्या जाड, लोंबत्या किंवा गाठाळ झाल्या असतील तर तुमच्या पत्रातली उरलेली वाक्यं एका ओळीत बसतात.

जंतूंचं प्रमाण जास्त असलेल्या प्रकारात ठळक चट्टा नसतो. सगळी कातडीच थोडी फुगते, सुरकुत्या भरून येतात, म्हणून ते 'तेज'. बधिरता इथं उशिरा येते. नाकाच्या आतलं अस्तर गार असतं, जंतू तिथं दाटीनं राहतात, म्हणून नाक चोंदतं आणि रक्त येतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे सर्दीचे स्प्रे मारत वर्ष जाऊ शकतं. भुवया थायरॉइडमुळेही बाहेरून विरळतात, ती तपासणी स्वस्त आहे, करून टाका.

गाठींचं म्हणाल तर 'हिस्टॉइड' नावाचा एक प्रकार आहे. निरोगी दिसणाऱ्या कातडीवर घट्ट, चकचकीत गाठी. नेहमीच्या रंगानं काचपट्टी रंगवली की सूक्ष्मदर्शकाखाली लांबुळक्या पेशींचे गुंते दिसतात आणि साध्या तंतुगाठीसारखाच रिपोर्ट येतो. जंतूंसाठीचा वेगळा रंग दिला की तीच पट्टी जंतूंनी खच्चून भरलेली निघते. तुमच्या गाठीचा मेणातला ठोकळा लॅबमध्ये जपून ठेवलेला असणार. तो परत मागा आणि त्यावर 'फाइट-फॅराको' रंग करायला सांगा. पुन्हा कापाकापी कशाला?

प्रश्न (हडपसर): बायकोच्या मांडीवर चट्टा आहे, डॉक्टरांना कुष्ठरोगाची शंका. पण 'स्किन स्मिअर' निगेटिव्ह आला आणि बायोप्सीत 'नेमकं सांगता येत नाही' असं आलं. मग विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर: रिपोर्ट कसा काढला जातो ते कळलं की त्याचं वजन कळतं.

स्मिअरसाठी कातडी दोन बोटांत चिमटून पांढरी पडेपर्यंत दाबतात, म्हणजे रक्त येत नाही. मग सुमारे 5 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर खोल छेद घेऊन, पातं काटकोनात वळवून आतली बाजू खरवडतात आणि तो लगदा काचेवर पसरतात. नमुने कानाच्या पाळीतून आणि चट्ट्यातून घेतात. चिमटा सैल राहिला तर रक्त मिसळतं आणि नमुना पातळ होतो. छेद उथळ गेला तर वरची मृत कातडीच काचेवर येते. रंगवताना क्षयरोगासाठीचं तीव्र आम्ल वापरलं तर कुष्ठरोगाच्या जंतूचा रंग धुऊन जातो. हा जंतू नाजूक, त्याला साधारण 5 टक्के गंधकाम्ल पुरतं. शिवाय एक ग्रॅम ऊतीत दहा हजारांच्या आसपास जंतू असल्याशिवाय काचेवर काही दिसत नाही. एक-दोन चट्टे असलेल्या रुग्णात एवढे जंतू नसतातच, त्यामुळे त्याचा स्मिअर निगेटिव्ह येणं हीच नेहमीची गोष्ट. स्मिअर पॉझिटिव्ह आला तर निदान होतं. निगेटिव्ह आला म्हणून रोग नाकारता येत नाही.

बायोप्सीचंही असंच. तुकडा चट्ट्याच्या कडेचा, ताजा, किंचित उठावदार भाग धरून आणि चरबीपर्यंत खोल हवा. 4 ते 5 मिलिमीटरचा पंच, म्हणजे गोल पात्याचं हत्यार, चालतो, पण चरबी आली पाहिजे, कारण नसा खालच्या थरात असतात. मधला फिकट भाग घेतला की 'नेमकं सांगता येत नाही' असाच रिपोर्ट येतो. चिठ्ठीवर 'कुष्ठरोगाची शंका' असं लिहिलेलं नसेल तर पॅथॉलॉजिस्ट फाइट-फॅराको करणारही नाही. या रंगात जंतूचं नाजूक कवच सांभाळायला झायलीनमध्ये चक्क शेंगदाण्याचं तेल मिसळतात.

आता विश्वासाचं. तीनपैकी एक खूण पुरते: बधिर चट्टा, जाड नस आणि तिच्या हद्दीत बधिरता किंवा कमजोरी, किंवा स्मिअरमध्ये जंतू. मांडीवरचा चट्टा खरोखर बधिर असेल तर दोन्ही रिपोर्ट बाजूला ठेवून उपचार सुरू करता येतात. जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी कमी जंतूंच्या रुग्णात पुष्कळदा हुकते. रक्तातल्या अँटीबॉडींवरून तर एकट्यानं निदान करूच नये.

बायकोनं आधी काय काय घेतलं तेही डॉक्टरांना सांगा. नायट्यासाठी मेडिकलमधून आणलेलं तीन-चार औषधांचं मलम, ज्यात हमखास स्टिरॉइड असतं, चट्टा दाबतं. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी ऑफ्लॉक्सासिन किंवा मिनोसायक्लिन झालं असेल, क्षयाचं रिफाम्पिसिन झालं असेल, तर ती कुष्ठरोगावरही चालतात. अर्धवट उपचारानं चित्र पुसट होतं.

प्रश्न (भोसरी): बाळंतपणाला दोन महिने झाले. गालावरचा जुना फिकट डाग एकाएकी लाल, फुगीर झालाय. डॉक्टरांनी धावरं म्हणून अँटिबायोटिक दिलं, फरक नाही.

उत्तर: थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. बाळंतपणानंतर प्रतिकारशक्ती परत जोर धरते तेव्हा जुना, दबलेला चट्टा असा पेटू शकतो. ही पहिल्या प्रकारची रिअ‍ॅक्शन. धावऱ्यात सहसा ताप, कणकण असते आणि लाली पसरत जाते. इथं लाली जुन्या डागाच्या हद्दीत राहते. गालावरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये पापणी मिटवणारी नस धोक्यात येते. डोळा हलकेच मिटून घ्या आणि घरातल्या कुणाला फट राहते का ते बघायला सांगा. राहत असेल तर उद्याच जा. बाळाला अंगावर पाजणं उपचारातही चालू ठेवता येतं.

प्रश्न (वारजे): घरच्या घरी बधिरता तपासायची बिनचूक पद्धत सांगाल का?

उत्तर: बिनचूक नाही, पण उपयोगाची आहे. कापसाचं टोक पिळून अणकुचीदार करा. आधी डोळे उघडे ठेवून, चांगल्या कातडीवर लावून दाखवा: 'लागलं की त्या जागी एका बोटानं दाखवा.' तोंडानं 'हो' म्हणायला लावू नका. मग डोळे मिटवून आधी चांगल्या जागी, मग डागावर, मग पुन्हा चांगल्या जागी, क्रम बदलत लावा. नुसतं टेकवायचं. सरकवलं की कातडी ओढली जाते आणि शेजारच्या नसेला कळतं. लोक इथंच चुकतात. मध्येच काहीच न लावता थांबा. तरीही बोट उठलं तर अंदाजानं उत्तरं चालली आहेत. डागावर बोट उठलं नाही, किंवा तीन-चार वेळा दोन-तीन इंच भलतीकडे गेलं, तर दाखवून घ्या. तळव्यावर कापूस निरुपयोगी, कातडी जाड असते. तिथं बॉलपेनचं टोक, कातडी जराशी दबेल इतपतच. सुई नको.

गरम-गार सगळ्यात आधी जातं. स्टीलचे दोन चमचे, एक कोमट पाण्यातला, एक फ्रिजमधला, पुसून लावले की हा भागही होतो. वारीत चालून आल्यावर पायाला आलेला मोठा फोड दुखलाच नाही, स्कूटरच्या सायलेन्सरचा चटका पोटरीला दुसऱ्या दिवशी दिसला, हेही तपासणीइतकंच बोलकं आहे.

प्रश्न (येरवडा): भावाचं निदान झालं, औषध सुरू झालं. ताट-वाटी वेगळी ठेवावी का? आम्ही काय करावं? वहिनीच्या माहेरचे काडीमोडाचं बोलतात.

उत्तर: ताट वेगळं नको. एमडीटीतल्या रिफाम्पिसिनच्या पहिल्या डोसनंतर काही दिवसांतच त्याच्यापासून लागण होण्याचा धोका जवळपास संपतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने. लघवी लालसर होईल, कातडी काळवंडेल, या दोन्ही गोष्टी औषधांमुळेच. पहिल्या दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ, डोळे पिवळे असं झालं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एमडीटीतल्याच डॅप्सोन या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी असते ती.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. ज्यांना रोग नाही त्यांना रिफाम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस देतात, मोठ्यांना 600 मिलिग्रॅम. क्षयाची शंका, गरोदरपण, यकृताचा आजार, दोन वर्षांखालचं मूल असेल तर नाही.

कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 च्या दुरुस्तीनं वैयक्तिक कायद्यांमधून काढून टाकलं आहे. वहिनीच्या माहेरी एवढं सांगा.

पुण्यात ससूनचा त्वचारोग विभाग आणि कोंढव्याचं बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालय आहे. जवळच्या महापालिका दवाखान्यातूनही पुढे पाठवतात. जाताना जुने रिपोर्ट, बायोप्सीचा ठोकळा आणि लावलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब न्या, अगदी पिळून संपलेल्या असल्या तरी.